छातीची नक्कल
(ताडकळस येथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता रात्री वाचू. आत्ता एका मालाबद्दल बोलायचंय. मी गोदीत राबणारा माणूस. माल आला की आधी बघतो कुठून आला, कुणाकडं चालला, पैसे कोण मोजणार. हा माल खोक्यातून येत नाही. त्याचं नाव डिजिटल ट्विन. ट्विन म्हणजे जुळं. तुमच्या काळजाचं, फुप्फुसाचं कॉम्प्युटरात बनवलेलं जुळं. औषध, नळी, ऑपरेशन, सगळं आधी त्या जुळ्यावर करून बघायचं, मग तुमच्यावर.

प्रतिकृती म्हणा. परभणी जिल्ह्यात हा शब्द कुणाला शिकवायला नको. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा 'नक्कलच तर होती' म्हणणारे मला मुंबईत भेटले. नक्कल कुणाची, यावर सगळं असतं हे त्यांना कळत नव्हतं. आपल्याला कळतं.

आधी यंत्र समजून घ्या. शिव्या नंतर.

हार्टफ्लो नावाची अमेरिकन कंपनी आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाचा सी.टी. स्कॅन तिच्याकडं जातो. त्यावरून ती त्याच्या काळजाच्या रक्तवाहिन्यांचा नमुना उभा करते, आत रक्त कसं वाहतं त्याचं गणित मांडते आणि सांगते, हा अडथळा खरोखर रक्त अडवतोय की नुसता दिसतोय. बऱ्याच जणांच्या अंगात नळी घालायची पाळीच येत नाही. खरं जुळं माणसाबरोबर बदलत राहायला पाहिजे, आणि हा तर एका दिवसाचा फोटो. पण बाजारात पोचलेला सगळ्यात जवळचा माल हाच. चांगला आहे. वाईट म्हणणारा गाढव.

आता बाजार बघा. कंपनी निघाली 2007 ला. अमेरिकन सरकारचा परवाना 2014 ला. 2017 मध्ये ब्रिटनच्या सरकारी संस्थेनं शिफारस केली, तेव्हा एका तपासणीचा भाव धरला होता 700 पौंड. आजच्या हिशेबानं पाऊण लाखाच्या वर. तिथं तो सरकारी दवाखाना भरतो, पेशंट नाही. ऑगस्ट 2025 ला कंपनी नॅसडॅक शेअर बाजारात उतरली. म्हणजे बाजारात आणणं याचा अर्थ नुसतं यंत्र बनवणं नाही. परवाना पाहिजे, पुरावा पाहिजे आणि बिल भरणारा पाहिजे. आपल्याकडं सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरण धरायचं हा नियम 1 एप्रिल 2020 पासून आहे. परवान्याची वाट तयार आहे. बिल भरणारा कोण? महात्मा फुले योजनेत उपचारांची यादी असते. यादीत नाही ते खिशातून. खिसा तुम्हाला माहीत आहे.

दुसरी कंपनी दासो सिस्टिम्स. फ्रान्सची. विमानं बनवणाऱ्या दासोच्या घरातून 1981 ला निघाली. विमान आधी पडद्यावर उडवायचं, मग कारखान्यात जोडायचं, हे तिचं काम. 2014 ला तिनं तीच विद्या काळजाला लावली, लिव्हिंग हार्ट प्रकल्प म्हणून. हिचं मोठं संशोधन केंद्र आपल्या पुण्यात आहे. तेव्हा हे कुठल्या सातासमुद्रापारचं आहे असं समजू नका. आपली शिकलेली पोरं तिथं पगार घेतात.

मी याला सरसकट शिव्या देणार नाही, त्याला कारण आहे. 2009 ला आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी आदिवासी पोरींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची लस टोचली. अभ्यास चालला होता. कितीतरी पोरी वसतिगृहातल्या, त्यांच्या संमतीच्या कागदावर सही वॉर्डनची. संसदेच्या समितीनं 2013 च्या अहवालात यावर कोरडे ओढले. प्रयोगाला अंग लागलं की ते गरिबाचंच सापडतं. उद्या त्यातला थोडा जरी भार कॉम्प्युटरातल्या जुळ्यानं उचलला तर मला आनंदच आहे.

पण जुळं काढताना मोजमाप कुणाचं?

माझा बा ताडकळसचाच. जमीन नव्हती, मुंबईला गेला, गोदीत खत, गंधक, कोळसा उपसला. आता इथंच असतो. बसस्टँडपर्यंत चालला तर मधे दोनदा बसतो. त्याला मी मुंबईत एका दवाखान्यात नेलं. यंत्रात फुंकायला लावलं. कागद आला : 84 टक्के, नॉर्मल. ऐंशीच्या वर नॉर्मल अशी जुनी रीत. खाली बारीक अक्षरात एक आकडा छापलेला. मशीनवरच्या पोराला विचारलं, हे काय? म्हणाला, इंडियन आहे ना, म्हणून गोऱ्यांच्या मापातून दहा टक्के आधीच कमी धरतो. कंपनीचं सेटिंग आहे. मी मॅट्रिक आहे, एवढं गणित येतं. दहा टक्के कमी धरले नसते तर 84 चे झाले असते 76. बा आजारी ठरला असता. गोदीनं खाल्लं ते मशीननं आधीच वजा करून ठेवलं होतं.

ही वजाबाकी आजची नाही. अमेरिकेत गुलामांच्या मळ्यांवर डॉक्टरकी करणाऱ्या कार्टराइटनं एकोणिसाव्या शतकात असलंच यंत्र वापरून ठरवलं की काळ्यांची फुप्फुसं वीस टक्के कमी, आणि म्हणून राबणं त्यांच्या तब्येतीला बरं! 1999 मध्ये बाल्टिमोरला अॅस्बेस्टॉसच्या एका कंपनीनं याच फरकाचा आधार घेतला. काळ्या कामगारांना भरपाई मागायची तर त्यांची छाती गोऱ्यांपेक्षा जास्त बिघडलेली पाहिजे, असं तिचं म्हणणं. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं वंशावरून माप बदलायची रीत सोडा असं सांगितलं ते 2023 ला. डॉक्टर म्हणतील, ठेवणच वेगळी असते. असेल. पण पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलेल्यांच्या छात्या मोजायच्या आणि त्यालाच निसर्ग म्हणायचं?

हाच आकडा उद्या जुळ्यात जाईल. जुळं सुद्धा 'नॉर्मल' म्हणेल, आणि रंगीत चित्रासकट म्हणेल. मग भरपाईच्या कोर्टात बाचं कोण ऐकणार?

बरं, माप आपलं घेतलं तरी गोष्ट संपत नाही. हेन्रिएटा लॅक्स, तंबाखूच्या शेतात राबलेली काळी बाई. 1951 ला कॅन्सरनं मेली. तिच्या गाठीतल्या पेशी न विचारता काढल्या, वाढवल्या, जगभर विकल्या. वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली 2023 ला. बहात्तर वर्षांनी. आपल्याकडं 2021 पासून आभाचा चौदा आकडी नंबर आहे, रिपोर्ट त्याला जोडले जातात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची कलमं आहेत, दिलेली संमती मागंही घेता येते. नफ्यातल्या वाट्याचं कलम नाही. बिगाऱ्यालाही हजेरी मिळते रे, छातीच्या फोटोला का नाही?

तेव्हा ताडकळसला तपासणीचं शिबिर लागलं तर जरूर जा. घाबरून घरी बसू नका. पण अंगठा देण्याआधी विचारा : माप कुणाचं लावलंय? फोटो कुठं जाणार? त्यावर बनलेला माल इथल्या सरकारी दवाखान्यात फुकट येणार का? उत्तर लेखी मागा. पोरगा 'कंपनीचं सेटिंग आहे' म्हणाला, तर कंपनीचं नाव लिहून घ्या.

बाचा कागद मी खिशात आणलाय. कुणाच्या घरात असला कागद असेल तर घेऊन या, बारीक अक्षर बघू. पेन आहे माझ्याकडं.