भुताला प्रश्न विचारण्यापूर्वी



मी काही मोठा वक्ता नाही. बँकेत कारकुनी करणारा माणूस. कार्यकर्त्यांनी 'भूतबाधा आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितले. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मौद्याहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या नागपूर शहरात घडलेली घटनाच आपल्यापुढे ठेवतो.

५ ऑगस्ट २०२२ ची रात्र. नागपूरच्या सुभाषनगर भागातील एक कुटुंब. त्यात पाच वर्षांची एक मुलगी. गुरुपौर्णिमेला हे कुटुंब एका दर्ग्यावर जाऊन आले होते. त्यानंतर धाकट्या मुलीचे वागणे बदलले, असे वडिलांना वाटू लागले. तिला बाहेरची बाधा झाली, असा घरच्यांचा समज झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्या रात्री आई, वडील आणि मावशी यांनी बाधा उतरवण्याचा विधी मांडला. मुलीला प्रश्न विचारले. पाच वर्षांच्या लेकराला ते प्रश्न समजलेच नाहीत. मग मारहाण झाली आणि मुलगी बेशुद्ध पडली. सकाळी तिला आधी दर्ग्यावर नेले आणि त्यानंतर मेडिकलमध्ये. डॉक्टरांनी ती मृत असल्याचे सांगितले. आणणारी माणसे तोवर निघून गेली होती. एका सुरक्षारक्षकाला संशय आला, त्याने मोबाईलवर त्यांच्या गाडीचा फोटो काढून ठेवला होता. त्यावरून पोलीस घरापर्यंत पोहोचले. तिघांना अटक झाली, खुनाचा आणि जादूटोणाविरोधी कायद्याखालचा गुन्हा नोंदला गेला.

मुलीचे वडील अडाणी नव्हते. ते यूट्यूबवर स्थानिक बातम्यांचे चॅनेल चालवत होते. त्या रात्रीच्या विधीचेही मोबाईलवर चित्रीकरण झाले होते. म्हणजे हातात विज्ञानाचे यंत्र होते आणि डोक्यात भूत होते.

मित्रहो, त्या प्रश्नोत्तरांचा जरा विचार करा. 'तू कोण आहेस, कुठून आलीस?' असे विचारायची आपल्याकडची रीत आहे. मूल गप्प राहिले तर म्हणायचे, भूत हट्टी आहे. रडले तर म्हणायचे, भूत घाबरले. भीतीने एखादे नाव घेतले तर पुरावाच मिळाला! मग सुटका होणार ते कोणत्या उत्तराने? आमच्या बँकेत संध्याकाळी हिशोब जुळला नाही तर चूक सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. पण ज्या हिशोबात चूक सापडण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला हिशोब म्हणता येत नाही. भुताची चौकशी ही तशीच आहे. तिचा निकाल आधीच लागलेला असतो.

कोणी म्हणेल, हे आपल्यासारख्या मागास देशात चालते. तसे नाही. जर्मनीत क्लिंगेनबर्ग गावी आनेलीझ मिशेल नावाची तरुणी होती. कॉलेजात शिकणारी. तिला झटके येत, डॉक्टरांनी अपस्माराचे, म्हणजे फिटचे निदान केले होते, औषधेही चालू होती. पण ती आणि तिचे आईवडील यांची सैतान लागल्याची खात्री झाली. १९७५ मध्ये बिशपने परवानगी दिली आणि दोन धर्मगुरूंनी सैतान उतरवण्याचे विधी सुरू केले. सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा! त्यांच्या ध्वनिफिती भरून ठेवल्या. मुलीने अन्न सोडले, डॉक्टर मागे पडला. १ जुलै १९७६ रोजी वयाच्या २३ व्या वर्षी ती उपासमारीने वारली. तेव्हा तिचे वजन सुमारे ३० किलो होते. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू अशा चौघांनाही निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरवले. आठवडाभर आधी जरी डॉक्टर बोलावला असता तरी ती वाचली असती, असे सरकारी पक्षाने मांडले होते.

नागपूर आणि क्लिंगेनबर्ग, दोन्हीकडे माणसे वैरी नव्हती. घरचीच होती. हेच मला सर्वांत भयंकर वाटते. एकदा 'हे आपले लेकरू बोलत नाही, याच्या आतले दुसरेच कोणी बोलते' असे मानले की लेकराचे रडणे ऐकू येईनासे होते. मारणारा म्हणतो, मी भुताला मारतो. वळ मात्र लेकराच्या अंगावर उठतात.

मग अंगात येते, दातखिळी बसते, माणूस बडबडतो, हे सगळे ढोंग का? मुळीच नाही. त्रास खराच असतो. फिट असेल, डोक्यात गेलेला ताप असेल, मनाचा आजार असेल. कधी सासरी तोंड उघडायची सोय नसलेल्या सुनेचे दुःख त्या वाटेने बाहेर पडते, कारण अंगात आले की सारे घर हात जोडून तिचे ऐकते. लहान मूल एकाएकी बदलले तर त्याला कोणी धमकावले का, कोणी त्रास दिला का, हेही पाहावे लागते. त्रास खरा असतो, म्हणूनच त्याचे कारणही खरे शोधले पाहिजे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटून काम केले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आधी अध्यादेशाने आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने आला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे यांविषयी आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. करणारा तर अडकतोच, त्याला मदत करणाराही अडकतो.

पण कायदा बहुधा मार बसल्यावर पोहोचतो. त्याआधी शेजारी पोहोचू शकतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर एक काम सोपवतो. मोहल्ल्यात कोणाला 'बाहेरचं झालं' असे कानावर आले तर हसू नका, भांडूही नका. घाबरलेल्या माणसाला हसले की तो दार लावून घेतो, आणि जे वाईट घडते ते बंद दाराआड घडते. त्या घरी जाऊन बसा. ताप कधी आला, झोप लागते का, फिट आली होती का, शाळेत काही घडले का, एवढे विचारा. सरकारी दवाखान्यात सोबत चला. नागपूरला मेडिकल आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मनाच्या आजाराबद्दल फुकट सल्ला मिळतो. आणि कोणी हात उगारत असेल तर वाट पाहू नका, ११२ वर पोलिसांना कळवा.

सुरक्षारक्षकाला शंका आली आणि त्याने फोटो काढला, म्हणून गुन्हा उघडकीस आला. ती शंका आदल्या रात्री भिंतीपलीकडच्या कोणाला आली असती, कोणी दार ठोठावले असते, तर ते लेकरू आज शाळेत असते. शंका घ्यायला शिका आणि दार ठोठावायला शिका.