एका जनुकाचा गुण, अनेक जनुकांचा गुण
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीची पिशवी घेताना आपण दुकानदाराला एकच विचारतो, 'उतारा किती येईल?' त्याआधी दुसरे विचारायला हवे. पिशवीवर सांगितलेला गुण एका जनुकाचा, की अनेकांचा?

ग्रेगोर मेंडेल या पाद्र्याने वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली छापले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. एका जनुकाचा गुण असा हिशेबाचा. तो असतो, नाहीतर नसतो.

बीटीचा गुण याच प्रकारचा. २००२ साली आपल्या देशात मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कपाशीत अळी मारणारे एकच जनुक होते. तिची सरकी ठेवून पेरली, तर चार झाडांपैकी साधारण तिघांत ते उतरते, चौथे उघडे पडते.

उताऱ्याचे तसे नाही. मुळे किती खोल जातात, बोंडे किती धरतात, बोंड किती भरते, पाण्याचा ताण किती सोसतो, यामागे अनेक जनुके असतात आणि एकेकाचा वाटा लहान. त्यावर जमीन आणि पाऊस. म्हणून उतारा कमी, मध्यम, जास्त असा पायरीपायरीने दिसतो. संकरित वाणाची ठेवलेली सरकी पेरली, की झाडे कमीजास्त निघतात आणि सरासरी खाली येते.

तेव्हा पक्के ध्यानात ठेवू. बीटीचे जनुक उतारा निर्माण करत नाही, अळीपासून राखते. मूळ वाण हलके असेल तर बीटी घालूनही ते हलकेच. आणि एकदोन जनुकांचे कुंपण अळी ओलांडू शकते. २००६ साली दोन जनुकांची बीटी आली, तरी २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरलीच.

अळीचे जनुक पिशवीवर वाचता येते. उतारा मात्र आपल्याच रानात मोजावा लागतो. यंदा दोन-तीन वाणांच्या चार-चार ओळी एकाच रानात लावू, प्रत्येकाचा कापूस वेगळा तोलू आणि आकडे पुढच्या बैठकीला आणू. मग कोणते वाण घ्यायचे ते जाहिरात नाही, आपला तराजू सांगेल.