प्रश्नावली कोणी लिहावी?

उतारवयाच्या एखाद्या गृहस्थाच्या हाती आरोग्य-पाहणीचा छापील कागद येतो. त्यावर एक प्रश्न असतो : 'आपण प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी चाळणी-तपासणी करून घेतली आहे काय?' प्रश्न वरवर पाहता सरळ आहे. उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यावयाचे आहे. परंतु एकाचे रक्त साखरेसाठी काढले गेले, त्याच नळीतून ही तपासणीही परस्पर उरकली गेली आणि त्याला त्याची वार्ताच नाही. तो प्रामाणिकपणे 'नाही' लिहितो. दुसऱ्याला लघवीस अडथळा होत होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला तपासले. ते निदान होते, चाळणी नव्हे. तरी तो 'होय' लिहितो. तिसऱ्याने पोटाची सोनोग्राफी केलेली असते. तीच ती, अशी समजूत करून घेऊन तोही 'होय' लिहितो. मग या उत्तरांची बेरीज होते, टक्केवारी निघते आणि दशांशचिन्हापुढील आकड्यामुळे तिला शास्त्राची कळा येते. बेरीज अचूकच असते. बेरीज कशाची केली, एवढेच काय ते कोणाला ठाऊक नसते.

प्रोस्टेट, किंवा परिभाषेत जिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात ती, पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असते. आकार अक्रोडाएवढा. तिच्यात निर्माण होणारे एक प्रथिन रक्तात उतरते. पीएसए या नावाने ते ओळखले जाते. कर्करोगात त्याचे प्रमाण वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी फुगल्यासही वाढते, आणि जंतुसंसर्गानेही वाढते. अमेरिकेतील औषध-नियंत्रण संस्थेने १९८६ मध्ये या तपासणीस मान्यता दिली, ती उपचार झालेल्या रोग्यांवर नजर ठेवण्यासाठी. रोग शोधण्यास साहाय्यक म्हणून मान्यता १९९४ मध्ये मिळाली. १९७० मध्ये या ग्रंथीतील प्रतिजनावर संशोधन करणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या तपासणीच्या सरसकट वापरावर कडाडून टीका केली. आपल्याच शोधाच्या पसाऱ्याविरुद्ध लेखणी उचलणारे शास्त्रज्ञ विरळा.

टीकेचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे. दुसऱ्याच कारणाने मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात पुष्कळांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळतात. हयातभर त्यांनी त्या माणसाला काहीही उपद्रव दिलेला नसतो. उलट काहींमध्ये हाच रोग हाडांपर्यंत पोचतो आणि जीव घेतो. कोणाचा रोग कोणत्या वाटेने जाणार, हे रक्ताच्या थेंबावरून सांगता येत नाही. युरोपातील विस्तीर्ण चाचणीत वाढलेल्या पीएसएमुळे ज्यांच्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, त्यांच्यापैकी चौघांतील सुमारे तिघांना कर्करोग नव्हताच. त्याच चाचणीचे तेवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले : ४५६ पुरुषांना तपासणीचे निमंत्रण दिल्यास एकाचा या रोगाने होणारा मृत्यू टळतो. हा लाभ खरा आहे, पण त्याची किंमतही खरी आहे. शस्त्रक्रियेनंतर वा किरणोपचारानंतर काहींना लघवी आवरत नाही, काहींचे पौरुष जाते. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१२ मध्ये ही चाळणी करूच नये असा सल्ला दिला. २०१८ मध्ये तो बदलून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून स्वतःच ठरवावे, असे सांगितले.

'स्वतः ठरवावे' म्हणणे सोपे आहे. लोक खरोखर कसे ठरवतात, हे जाणण्यासाठी पाहण्या होऊ लागल्या. अमेरिकेत २००६-०७ च्या सुमारास झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत, या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलणे झालेल्या पुरुषांपैकी दहांतील सुमारे सातांना तिचे फायदे सांगण्यात आले होते. तोटे सांगितले गेले ते जवळजवळ एकतृतीयांश लोकांनाच. निष्कर्ष मोलाचा आहे. तथापि 'तोटे' हा शब्द ऐकून उत्तर देणाऱ्याच्या मनात काय उभे राहिले असेल? सुईची वेदना, तपासणीचा खर्च, की तपासणीपाठोपाठ येणारी शस्त्रक्रियेची साखळी? हे विचारण्याचा उपाय एकच : ज्याच्यासाठी प्रश्न लिहावयाचा त्यालाच लेखनाच्या वेळी शेजारी बसविणे.

याची एक जुनी साक्ष अमेरिकेच्या मेन राज्यात मिळते. जॉन वेनबर्ग या संशोधकाला असे दिसले की, एकाच राज्यातील शेजारशेजारच्या गावांत, लोक सारखेच असूनही, फुगलेल्या प्रोस्टेटवरील शस्त्रक्रियांचे प्रमाण फार भिन्न आहे. हा कर्करोगाचा प्रश्न नव्हता, वार्धक्यातील सामान्य वाढीचा होता. वेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा कळले की, रात्री तीनदा उठावे लागणारा एक मनुष्य त्रासून गेलेला असतो, आणि तितकाच उठणारा दुसरा त्याकडे वयाचा धर्म म्हणून पाहतो. लक्षण मोजणे निराळे आणि जाच मोजणे निराळे! १९९२ मध्ये अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेची सात प्रश्नांची जी लक्षणसूची सिद्ध झाली, तिची पारख रोग्यांवरच करण्यात आली होती. पुढे आंतरराष्ट्रीय रूप घेताना तिला आठवा प्रश्न जोडला गेला. त्याचा आशय असा की, आहे ही स्थिती उरलेल्या आयुष्यात अशीच राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? सातही प्रश्नांनी जे निसटते ते या आठव्यात सापडते.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' या चाचणीचे होय. १९९९ ते २००९ या काळात तेथे ब्याऐंशी हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांचा रोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता अशा २,६६४ जणांपुढे तीन मार्ग होते : शस्त्रक्रिया, किरणोपचार, किंवा तूर्त उपचार न करता नियमित तपासण्या करीत राहणे. यांपैकी कोणता मार्ग कोणाच्या वाट्यास यावा, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावयाचे होते. त्यास रोग्याची संमती हवी. आणि आरंभी ती मिळेना. शंभरांतील तीसचाळीस जणच राजी होत. डॉक्टरांना वाटे, लोकांना चिठ्ठीवर जीव टांगणे नको आहे.

ब्रिस्टल विद्यापीठातील जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग धरला. डॉक्टर आणि रोगी यांची संभाषणे त्यांनी ध्वनिमुद्रित केली, रोग्यांशी सावकाश बोलणी केली आणि प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या कानी कसा पडतो, हे तपासले. तिसऱ्या मार्गाला डॉक्टर जे नाव देत, त्याचा अर्थ 'सावधपणे वाट पाहणे' असा होता. रोग्यांना त्यातून ऐकू आले ते असे की, आपण मरू आणि हे नुसते पाहत बसतील. 'चाचणी' या शब्दाचाही कित्येकांनी भलताच अर्थ घेतला होता. बहुसंख्य रोगी दहा वर्षांनंतरही जिवंत असतात, या दिलाशाच्या वाक्यातून ऐकणाऱ्याच्या मनात राहिले ते दहा वर्षांत मरणारे अल्पसंख्य. मग नाव बदलून 'सक्रिय देखरेख' असे करण्यात आले, पर्याय सांगण्याचा क्रम बदलला, दिलाशाची वाक्येही नव्याने बांधली. औषध तेच, रोग तोच, डॉक्टरही तेच. संमतीचे प्रमाण मात्र शंभरांत सत्तरापर्यंत चढले. अखेर १,६४३ पुरुष चाचणीत सामील झाले. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब निघाला तेव्हा त्यांच्यापैकी ४५ जण या रोगाने दगावले होते, आणि तिन्ही गटांत त्या बाबतीत लक्षणीय फरक नव्हता. देखरेखीच्या गटात रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होते. तेही लपविले गेले नाही. हे ज्ञान हाती आले, त्याला रोग्यांच्या कानांची ती परीक्षा कारणीभूत झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

शब्दांचा हा प्रभाव अडाणी माणसावरच पडतो, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. १९८२ मध्ये बार्बरा मॅक्नील, एमॉस ट्वेर्स्की प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी एकच माहिती दोन तऱ्हांनी मांडली होती : किती जगतात अशी, आणि किती मरतात अशी. निवड बदलली, आणि ती डॉक्टरांचीही बदलली.

रोग्यांना सहभागी करणे म्हणजे काय, याविषयी मात्र पुष्कळ ढोंग चालते. तयार झालेला मसुदा शेवटच्या क्षणी दोन रोग्यांपुढे ठेवायचा, त्यांनी मान डोलावली की 'रुग्णसहभाग' म्हणून अहवालात नोंद करायची, ही नुसती मखलाशी होय. खरी रीत कष्टाची आहे. प्रथम प्रश्नावलीच नसते. लोकांनी आपला अनुभव आपल्या शब्दांत सांगावयाचा असतो, आणि त्या बोलण्यातून प्रश्न उगवावयाचे असतात. मग एकेकाला मसुदा मोठ्याने वाचावयास देतात आणि वाचताना मनात येईल ते बोलावयास सांगतात. कोठे तो अडखळला, कोणता शब्द त्याने गाळला, कोणत्या प्रश्नाला हसला, हे टिपून घेतात. प्रश्न बदलतात आणि पुन्हा नव्या माणसापुढे ठेवतात. लैंगिक दुर्बलतेचा प्रश्न सातवा असावा की सतराविसावा, तो परिचारिकेने विचारावा की कागदावर एकांतात सोडवू द्यावा, हे कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. ते ज्याला उत्तर द्यावयाचे त्यालाच कळते.

येथे एक पेच आहे आणि तो डावलता येत नाही. चाळणीचा निर्णय रोग्याने घ्यावयाचा नसतो, निरोगी माणसाने घ्यावयाचा असतो. प्रश्नावली करणाऱ्यांच्या बैठकीला उत्साहाने येतो तो बहुधा उपचार होऊन बरा झालेला पुरुष. आणि तपासणीनेच आपला जीव वाचविला अशी त्याची श्रद्धा असते. ती कदाचित खरी असेल. कदाचित त्याचा रोग आजन्म निजूनच राहिला असता. त्या एका माणसापुरते हे कधीच सांगता येत नाही. अँजेला रॅफल आणि म्यूर ग्रे यांनी या विपर्यासावर नेमके बोट ठेवले आहे : निष्कारण निदाने जितकी अधिक, तितके आपण वाचलो असे मानणारे कृतज्ञ लोक अधिक, आणि तितकी ती तपासणी लोकप्रिय. म्हणून बऱ्या झालेल्या रोग्याबरोबर त्या मेजाभोवती आणखी काहीजण हवेत : उपचारांच्या परिणामांनी पोळलेला, तपासणी विचारपूर्वक नाकारलेला, आणि या ग्रंथीचे नावही न ऐकलेला. शेवटच्याला बोलावणे सर्वांत कठीण, आणि बहुधा त्याचीच गरज सर्वांत अधिक.

अशी प्रश्नावली मराठीत आणावयाची झाल्यास भाषांतरकाराची कसोटी पहिल्याच ओळीला लागेल. 'पुरःस्थ ग्रंथी' हा शब्द परिभाषाकोशाबाहेर फारसा पडलेला नाही. 'प्रोस्टेट' म्हणावे तर पुष्कळांना तो रोगच वाटतो, 'त्याला प्रोस्टेट झाले' असेच घरोघरी बोलतात. 'चाळणी' म्हटल्यावर पीठ आठवते. परंतु शब्दांहून अवघड आहे ते प्रश्नामागील गृहीत. 'हा निर्णय तुम्ही कसा घेतला?' असे विचारणारा कागद धरून चालतो की, निर्णय एकट्याने घेतला जातो. बेळगाव, इंदूर वा बडोद्याकडील एखाद्या मराठी घरातला सत्तरीचा गृहस्थ तो वाचून चष्मा काढील, कागद मुलाकडे सरकवील आणि म्हणेल, 'ते याला ठाऊक. दवाखान्यात हाच घेऊन गेला होता.'