सेवेतील आनंद, नेतृत्वातील सहवेदना

(वार्षिक सर्वसाधारण सभेत व्यवस्थापनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षाचा जमाखर्च, नव्या यंत्रसामग्रीची माहिती आणि रुग्णसेवेचे तक्ते या अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. त्या तक्त्यांत न मावणाऱ्या एका विषयावर आज आपल्याशी बोलावे, असे आम्ही ठरविले. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला आपल्या कामात आनंद वाटतो का, आणि वाटत नसेल तर त्याची जबाबदारी कोणाची, हा तो विषय होय. त्याची सुरुवात आम्हांस स्वतःच्या एका चुकीपासून करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी स्त्री कक्षातील एका रुग्णाच्या मुलाने लेखी तक्रार दिली. रात्री आईला असह्य वेदना होत असताना घंटा वाजवूनही सिस्टर बराच वेळ आल्या नाहीत, अशी ती तक्रार होती, आणि ती खरी होती. आम्ही नोंदवही पाहिली आणि त्या परिचारिकेस मेमो दिला. खुलासा दोन ओळींचा आला : दिलगीर आहे, पुन्हा असे होणार नाही. प्रकरण मिटले असे समजून आम्ही फाईल बंद केली. पुढे काही महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोप घ्यायला आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जाता जाता त्या एवढेच म्हणाल्या, "सर, एकदा रात्रपाळीला वॉर्डात येऊन बसा."

आम्ही गेलो, परंतु त्या गेल्यानंतर. त्या रात्री जे दिसले ते असे : संपूर्ण कक्षासाठी एक परिचारिका आणि एक मावशी. एका रुग्णाचे इंजेक्शन संपले. औषधभांडार तळमजल्यावर, त्याला कुलूप, किल्ली अपघात विभागात, आणि किल्लीसाठी ड्यूटीवरील डॉक्टरांची सही आवश्यक. सिस्टर खाली जाऊन परत येईपर्यंत वर दोन खाटांवरून घंटा वाजत होती. म्हणजे एका रुग्णाची वेदना थांबविण्यासाठी धावणारी व्यक्ती दुसऱ्या रुग्णाच्या दृष्टीने गैरहजर ठरत होती, आणि ही व्यवस्था आम्हीच घालून दिली होती. मेमोत आम्ही 'तुम्ही कोठे होता?' असे विचारले होते; 'तुम्हाला काय कमी पडते?' हे विचारण्याचे आम्हांस सुचलेच नव्हते.

त्यानंतर प्रत्येक कक्षात रात्रीच्या औषधांचे एक कपाट ठेवण्यात आले. किल्ली ड्यूटीवरील सिस्टरांकडे, नोंद वहीत, मोजणी सकाळी. त्याचा खर्च इतका किरकोळ होता की तो विश्वस्तांच्या सभेपुढे ठेवण्याचीही आवश्यकता भासली नाही. आम्ही तो मेमो सेवापुस्तिकेतून रद्द केला आणि त्या सिस्टरांना दिलगिरीचे पत्र पाठविले. कपाट आले, त्या परत आल्या नाहीत. पत्राचेही उत्तर आले नाही, आणि ते मागण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

मित्रहो, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या हताशेची तीन लक्षणे नमूद केली : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे आणि कामाची परिणामकारकता घटणे. यास व्याधी न म्हणता त्या संघटनेने तिचा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न हाताळल्या गेलेल्या ताणाशी जोडला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. दोन ओळींचा तो खुलासा आज वाचताना त्यात मनाने दूर गेलेली व्यक्ती स्पष्ट दिसते. तेव्हा आम्हांला त्यात केवळ शिस्त दिसली होती.

आनंद वरून वाटता येत नाही. त्याच्या वाटेतील खडे मात्र दूर करता येतात. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असतानाही ते नेत्रशल्यचिकित्सक झाले. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे खेड्यापाड्यांतील तरुण मुलींना प्रशिक्षण देऊन तपासणीची व शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीची कामे सोपविली गेली, त्यामुळे शल्यचिकित्सकाचा वेळ शस्त्रक्रियेसाठी मोकळा राहिला. प्रत्येकाला आपले काम नीट करता यावे अशी रचना करणे हीदेखील सहवेदनाच आहे, असे आम्हांस वाटते.

एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकन अभ्यासिकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. काम तेच असूनही काहीजण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक मानत आणि रुग्णांशी, नातेवाइकांशी आपणहून दोन शब्द बोलत. आमच्या वॉर्डांतील मावशी आणि मामांकडे पाहिले की हे पटते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या आजीच्या उशाशी घटकाभर बसणारी मावशी कोणत्याही कामाच्या यादीत नोंदलेली नाही. तिला 'फरशी राहिली' म्हणून हटकायचे की ती घटकाभराची सवड तिच्या पाळीत ठेवायची, येथे नेतृत्वाची परीक्षा होते.

आता दर महिन्यास आम्ही प्रत्येक विभागात बसून एकच विचारतो : या महिन्यात काम करताना कशामुळे अडले? उत्तरे साधी असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या असतात. नोंदणी खिडकीवरील आमचे एक लिपिक म्हणाले, "रांगेत सर्वांसमोर उत्पन्नाचा दाखला मागताना माझीच मान खाली जाते." त्यांच्या सूचनेवरून बाजूला एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या. रुग्णाची लाज राखली गेली, आणि लिपिकाचीही.

सहवेदना म्हणजे सवलत नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. औषधातील चूक आजही लिहिली जाते आणि निष्काळजीपणाची चौकशी आजही होते. मात्र चौकशीचा पहिला प्रश्न आता व्यवस्थेला विचारला जातो. सर्वच प्रश्न सुटले आहेत असाही आमचा दावा नाही. रात्रपाळीस मनुष्यबळ अजून अपुरे आहे, आणि त्याची भरपाई कपाटाने होत नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे : तक्रार अवश्य करा. त्या मुलाने ती केली नसती तर आम्ही कधीच रात्री वर गेलो नसतो. देणगीदारांना एक प्रार्थना आहे. यंत्रावर नावाची पाटी शोभते आणि यंत्रेही हवीतच. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी विश्रांतीची खोली आणि एका वाढीव परिचारिकेचे वेतन यांवर पाटी लावता येत नाही. त्या दानाची पोच आपणांस मध्यरात्री घंटा वाजताच उठलेल्या पावलांतून मिळेल.

त्या सिस्टर आज जेथे असतील तेथे त्यांची सेवा सुखाची होवो. त्यांनी जाताना दिलेला सल्ला हीच आमची या वर्षाची सर्वांत मोठी शिकवण आहे.