'क्वेक' : एका कापऱ्या शब्दाची कथा

हलणे-कापणे दाखविणारे शब्द इंग्रजी भाषेत पुष्कळ आहेत. 'शेक', 'शिव्हर', 'ट्रेंबल' आणि 'क्वेक' हे त्यांतले काही. वरवर पाहता ते एकाच अर्थाचे वाटतात. परंतु प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. झाड धरून गदागदा हलविले तर ते 'शेक' करणे झाले. थंडीने हुडहुडी भरली म्हणजे 'शिव्हर'. 'क्वेक' मात्र आजच्या इंग्रजीत कोणी दुसऱ्याला करीत नाही. ते ज्याचे त्याला होते. मराठीत 'हलविणे' आणि 'थरथरणे' यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

या शब्दाचे कूळ जुने आहे. 'ट्रेंबल' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्लंडात आलेला पाहुणा. 'क्वेक' हा घरचा. हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत 'क्वाकिअन' असे क्रियापद होते. अंग कापणे, दात वाजणे हे त्याचे अर्थ. धरणीकंपाला त्या काळी दुसरेच शब्द होते. 'अर्थक्वेक' हा जोडशब्द चौदाव्या शतकात रूढ झाला आणि माणसाच्या अंगाचा काप धरणीच्या अंगी चिकटला. वाऱ्याची झुळूकही पुरते अशा एका झाडाला 'क्वेकिंग ॲस्पेन' म्हणतात. त्याच्या पानाचा देठ चपटा असल्यामुळे पान सारखे लवलवत राहते. आपल्याकडे पिंपळाला संस्कृतात 'चलदल' म्हटले आहे, त्यामागेही हेच निरीक्षण आहे.

परंतु या शब्दाला खरी कीर्ती मिळाली ती झाडामुळे नव्हे, भूकंपामुळेही नव्हे. ती मिळाली एका टोमण्यामुळे.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात यादवी माजली होती. राजा पहिला चार्ल्स याचा 1649 साली शिरच्छेद झाला. त्या धामधुमीत जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा मुलगा गावोगाव सांगत फिरत होता की, ईश्वराचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतःकरणात आहे, त्यासाठी पुरोहिताची गरज नाही. 1650 साली डर्बी येथे धर्मनिंदेच्या आरोपावरून त्याला न्यायाधीशांपुढे उभे करण्यात आले. फॉक्सने न्यायाधीशांनाच बजावले, ईश्वराच्या शब्दापुढे थरथर कापा! तेव्हा जर्वेस बेनेट नावाच्या न्यायाधीशाने त्याला आणि त्याच्या अनुयायांना 'क्वेकर', म्हणजे 'कापरे लोक', असे हिणविले. फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत नमूद केली आहे. प्रार्थनेच्या वेळी त्या मंडळींपैकी कित्येकांना खरोखरच कंप सुटत असे. त्यामुळे टोमणा नेमका बसला. पंथाने स्वतःला 'मित्र' म्हणविले, पण जगाने 'क्वेकर' हेच नाव उचलले.

हे कापरे लोक मग कशाला कापत होते? 1670 साली लंडनमध्ये रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल विल्यम पेन या तरुण क्वेकरावर खटला झाला. माणसापुढे टोपी काढावयाची नाही, हा त्या पंथाचा बाणा. शिपायांनी न्यायालयाच्या हुकुमावरून आधी टोपी डोक्यावर चढविली आणि मग ती न काढल्याबद्दल पेनला दंड झाला! पुढे ज्यूरीने हवा तो निर्णय देईना म्हणून तिला दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले. बारा जण ढळले नाहीत; त्यांनी पेनला निर्दोष ठरविले. त्यांनाही दंड झाला. तो न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेलच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला की, मनास पटलेल्या निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येत नाही. 'कापऱ्या' माणसाच्या खटल्यातून न्यायदानाचे एक न कापणारे तत्त्व असे जन्मास आले.

पुढे याच पंथाने गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला आणि शस्त्र हाती धरण्यास नकार दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे काही सेवक नर्मदाकाठी होशंगाबादेस, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, येऊन राहिले. ब्रिटन आणि अमेरिका येथील क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना 1947 सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या नावाने एका न्यायाधीशाने हसू करू पाहिले, ते नाव आता आदराने घेतले जाते.

शब्दकोश 'क्वेक'चे अर्थ देतो : थंडीने कापणे, भीतीने कापणे, धरणीने हादरणे. या इतिहासाने त्यांत आणखी एक छटा भरली आहे. थंडीचा आणि भीतीचा काप माणसाला दुबळे करतो. सद्सद्विवेकबुद्धीपुढे सुटणारा काप त्याला निर्भय करतो. आपल्या अंतःकरणापुढे जो थरथरला, त्याला न्यायासनापुढे थरथरण्याचे कारण उरत नाही.