बटण पडलं, पण नेमकं कशामुळे?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



यंत्रातला बिघाड कसा शोधायचा, यावर मला बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, हे वायरमनचं काम, आपल्याला कशाला? पण आता गटांकडे डीप फ्रीजर आहेत, गिरण्या आहेत, ड्रायर आहेत, आणि तेही कर्ज काढून घेतलेले. फ्रीजर रात्रभर बंद राहिला तर आतली कोलंबी गेली, हप्ता मात्र थांबत नाही.

आपण उरणकर तर मोठ्या यंत्रांच्या शेजारीच राहतो. ३ सप्टेंबर २०१९ ची सकाळ आठवते ना? ओएनजीसीच्या प्रकल्पात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. त्यात आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे तीन जवान होते. त्या दिवशी गॅस गुजरातमधल्या हजिऱ्याच्या प्रकल्पाकडे वळवला. बिघडलेला भाग वेगळा करायचा आणि बाकीचं काम चालू ठेवायचं, ते असं.

बिघाड झालाय हे कळणं एक, आणि तो कुठे झालाय हे कळणं दुसरं. कारखान्यात तापमान, दाब मोजायला सेन्सर असतात. एकच सेन्सर असला आणि तोच खोटं बोलायला लागला, तर कळणार कसं? दोन असले आणि आकडे जुळले नाहीत, तर एक चुकतोय एवढं समजतं, पण कोणता ते नाही. म्हणून नाजूक जागी बरेचदा तीन लावतात. दोघांचं जुळलं की तिसऱ्याला तपासायचं. आपण हिशेबात हेच करतो की! सभासदाचं पासबुक आणि खातेवही जुळली नाही, तर रोकडवही उघडतो.

फ्रीजरलाही हीच रीत लावा. बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तिसरा साक्षीदार फुकटचा आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी आतच राहू द्या. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मध्ये कधीतरी बर्फ वितळला होता. मग आकडा काहीही सांगो, तो माल विकायचा नाही.

आता बोर्डाचं. ईएलसीबी सारखा पडतो म्हणून त्याला बगल देऊन थेट वायर जोडणारे लोक मी पाहिलेत. असं करू देऊ नका. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलीअँपिअर वीज गळली की पडतो, तो आपला जीव वाचवायलाच. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, त्यामुळे गळती व्हायचीच.

हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. जळका वास येत असेल किंवा बोर्ड ओला असेल, तर हातच लावायचा नाही. सगळं ठीक असेल तर आधी सगळे एमसीबी खाली करा. मग ईएलसीबी वर करा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला ईएलसीबी पडला, त्या लाइनवर गळती आहे. तो एमसीबी खालीच ठेवून त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. मग लाइन चालू करून एकेक वस्तू लावून बघा. मिक्सर लावल्यावर पडला तर दोष मिक्सरचा, फ्रीजर बिचारा निर्दोष. काहीच लावलं नसतानाही पडत असेल, किंवा सगळे एमसीबी खाली असतानाच पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिथे थांबा आणि वायरमनला बोलवा. पण कोणत्या लाइनवर पडतो ते त्याला सांगा, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील.

गॅसच्या बाबतीत मात्र असं शोधत बसायचं नाही. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. बटण चालूही नको, बंदही नको. बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.

समोर टेबलावर एक बोर्ड ठेवलाय, त्यात वीज सोडलेली नाही. ईएलसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, घरी ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर ईएलसीबी पडला नाही, तर तोच बदलायला झालाय. या, एकेकीने ते बटण शोधून दाखवा.