खिशातलं खापर

आज कोडिंगला सुट्टी, आज माती.

मी उंद्रीचा, म्हणजे बुलढाण्यातला घाटावरचा. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. मातीची घरं पडतात, त्यांच्यावर नवी उभी राहतात, वर चुलीची राख पडते. अशी शेकडो वर्षं गेली की माती फिकट आणि भुसभुशीत होते. लहानपणी आबांसोबत धाब्यावर टाकायला अशीच माती आणायला जायचो. एकदा त्यात काळं-तांबडं खापर दिसलं. घातलं खिशात. आज ते पुण्यात माझ्या लॅपटॉपशेजारी आहे.

इतिहास म्हणजे किल्ले आणि राजे, असंच मला वाटायचं. मग कॉलेजात भोनबद्दल वाचलं. आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठावर. डेक्कन कॉलेजचे बी. सी. देवतारे आणि त्यांच्या टीमने तिथे खोदकाम केलं. विटांचा बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. मला मात्र स्तूपापेक्षा तिथल्या विहिरींनी पकडलं. भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक बसवून बांधलेल्या. आणि हा भाग कोणता? खारपाणपट्टा! जमिनीतलं पाणी खारट. तिथे तेव्हाचे लोक पाण्यासाठी काय काय डोकं चालवत असतील, हे कुठल्या राजाच्या शिलालेखात सापडत नाही.

ते थरांत सापडतं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. लॉग फाइलच समजा, फक्त उलटी वाचायची. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला 1968 ते 1983 असं वर्षानुवर्षं खोदकाम चाललं, तेव्हा कुठे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव घराघरानिशी कळलं. माझं खापर म्हणजे टाइमस्टॅम्प उडवलेली एक ओळ. उडवली कोणी? मीच.

भोनची गोष्ट अजून अवघड. ती जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. धरण नको म्हणणं मला घाटावर बसून सोपं आहे. खारं पाणी मी पीत नाही. पण पाण्याखाली गेलेला थर पुन्हा वाचता येत नाही, हेही खरंच ना?

ब्रिटनमध्ये 1997 पासून सामान्य माणसांना शेतात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी एक योजना चालते. वस्तू जिथे सापडली ती जागाही लिहून घेतात. आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पांढरीत जेसीबी लागला आणि खापरं दिसली, तर उचलू नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा.

मी दिवाळीला उंद्रीला चाललोय. खापर सोबत नेणार आणि आबांना विचारणार, आपण माती नेमकी कुठून आणायचो. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. आठवलं, तर पुढच्या भागात सांगतो.